उचलणार कोण, ते आधी ठरवा

लग्नाच्या पंगतीत ताट मांडलं की लोक बसतात. धोटे सर बसत नाहीत. ते मांडवाच्या दारात उभे राहतात, छत्री काखेत मारतात आणि समोर दिसेल त्या पहिल्या माणसाला विचारतात, "जेवण झाल्यावर ताट उचलणार कोण?"

हा पहिला माणूस बहुधा नवरदेवाचा मामा निघतो, नाहीतर नुकताच रुसवा काढून परत आणलेला जावई. तो गडबडतो.

"तुम्ही बसा ना जी. उचलणारे आहेत."

"आहेत ते दिसून राहिलं. पण ठरलं आहे का? मी उचलायचं, का त्यानं, का दोघांनी?"

"एक ताट दोघं कसे उचलतील, सर?"

"तेच तं म्हणून राहिलो मी. आधी ठरवा."

मागची रांग खोळंबते, वरणाची बादली घेतलेला वाढपी तसाच उभा राहतो, आणि ठरल्याशिवाय सर काही खाली टेकत नाहीत. पांढुर्ण्यातल्या लोकांनी यावर तोड काढली होती. पत्रिका देतानाच सांगून टाकायचे, "सर, जेवायलाच या, अन् उचलणारे आम्ही आहो." मग सर खुशीत येत.

मी हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला संताप आला. मला त्या वयात पुष्कळ गोष्टींचा संताप यायचा आणि आजही येतो; त्याची माफी मागायला मी हे लिहीत नाही. माझे वडील रेल्वेत गँगमन होते. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. सभेतून घडी करून आणलेली, पिवळ्या-गुलाबी पातळ कागदाची. शाळेत बाराखडी यायच्या आधी मी 'जाहीर निषेध' हे दोन शब्द ओळखायला शिकलो. मोठा झाल्यावर मी स्वतःच पत्रकं लिहू लागलो आणि स्टेन्सिल कापून सायक्लोस्टाइलवर काढू लागलो. पंगतीतलं ताट कोण उचलतो, हा आमच्या घरात गमतीचा विषय नव्हता. आईच्या पिढीपर्यंत आमच्या बायकांनी लोकांच्या मांडवामागे उष्टी उचलली होती, आणि उचलणार कोण असं त्यांना कोणी विचारलं नव्हतं. ते ठरलेलंच होतं. आणि इथे मोहगावकडच्या कुणब्याच्या, संत्र्याचा बगीचा असलेल्या घरातला हा माणूस तोच प्रश्न छंद म्हणून विचारत फिरत होता! मला वाटलं, पोट भरलेल्यांचा हा खेळ आहे.

पण अठ्ठ्याऐंशी साली मला याच माणसाच्या हाताखाली नोकरी लागली.

स्टेशनच्या रस्त्यावर एक कॉम्प्युटर सेंटर निघालं होतं. एक खोली, दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, आणि दारात चपला काढण्यासाठी देवळात असते तशी फळी. सर तिथे शिकवायचे आणि प्रोग्रॅम लिहायचे. मी नावं, गावं, तारखा टाइप करायचो. सर गणितात एम.एस्सी. होते. नागपुरात बरीच वर्षं नोकरी करून परत आले होते. बगीचा भावाला देऊन स्वतः सौंसरला एका खोलीत राहत होते आणि रोज बसनं पांढुर्ण्याला येत. वय पंचेचाळीसच्या आसपास, लग्न नाही. त्यांचं सगळं काम पास्कल नावाच्या भाषेत चाले. या भाषेचा कायदा असा की, कोणतीही गोष्ट वापरायच्या आधी ती जाहीर करावी लागते: मी अमुक नावाचा एक आकडा वापरणार आहे, तमुक नावाची एक यादी वापरणार आहे. जाहीर केलं नाही तर प्रोग्रॅम चालतच नाही. सरांनी हा कायदा भाषेतून उचलून आयुष्याला लावला होता. सौंसरच्या स्टँडवर बसमध्ये पाय ठेवताना ते मोठ्यानं सांगत, "एक माणूस, एक डबा, एक छत्री." पांढुर्ण्याला उतरताना हाच हिशेब पुन्हा. एकदा कंडक्टरनं मुद्दाम विचारलं, "अन् सर, रुमाल?" सर परत फिरले, सीटवर पडलेला रुमाल उचलला आणि त्याचे आभार मानून उतरले. कंडक्टरची मस्करी वाया गेली.

लग्नही याच पायी राहिलं म्हणतात. वरुडकडची एक मुलगी पाहायला गेले होते. पोहे झाले, चहा झाला, बोलणी जमत आली, तेवढ्यात सरांनी मुलीच्या वडलांना विचारलं, "लग्नानंतर आमच्या घरी जेवणं झाल्यावर ताटं उचलणार कोण, हे आज ठरवून घेतलं तं बरं." वडलांना वाटलं, माणूस हुंड्यात मोलकरीण मागतोय. सर म्हणत होते की मी उचलायला तयार आहे, पण ते ऐकायला तिथे कोणी थांबलं नाही.

मला ते 'पत्रकवाले' म्हणत. "काय पत्रकवाले, आज कोणाचा निषेध?" मी म्हणायचो, "तुमचा. पंगतीत तमाशा करता." ते हसायचे. त्यांच्यावर रागावणं अवघड होतं. सरकारी भिंतीवर दगड मारल्यासारखं, ना भिंत हलायची, ना कोणी बाहेर यायचं.

सरांचा एक प्रोग्रॅम मात्र खरंच देखणा होता. आमच्या भागात एकाच माणसाचं नाव चार कागदांवर चार तऱ्हांनी असतं. घरी तो वानखेडे. हिंदी शाळेतून आलेला बाबू त्याला बानखेडे करतो, दुसरा बाबू वानखडे, आणि इंग्रजीत लिहिताना कोणी व्ही लावतो, कोणी डब्ल्यू. सरांनी पास्कलमध्ये एक फंक्शन, म्हणजे एकाच कामापुरता छोटा प्रोग्रॅम, लिहिलं होतं. त्याला दोन नावं द्यायची. ही दोन्ही नावं एकाच माणसाची का, ते फंक्शन सांगे. हो किंवा नाही. ते लिहायला त्यांना दोन वर्षं लागली होती. आमच्या लोकांची नावं बाबूंनी कशी कशी मोडली आहेत, याची त्यांच्याकडे एक वही होती. ती वही पाहिली तेव्हा मला त्यांच्याबद्दल पहिल्यांदा आदर वाटला, आणि तो मी अर्थातच बोलून दाखवला नाही.

मग नागपूरहून शिरीष आला.

शिरीष पंचविशीचा, एका कंपनीत कामाला, आठवड्यातून दोन दिवस पॅसेंजरनं आमच्या सेंटरला यायचा. त्याच्या कंपनीत सगळं सी नावाच्या भाषेत चालायचं, आणि शिरीषच्या मते जगात दुसरी भाषा उरलेली नव्हती. पास्कलला तो 'मास्तरांची भाषा' म्हणायचा. पण सरांचं फंक्शन त्याला हवं होतं. तसं सी-मध्ये लिहायला त्यालाही दोन वर्षं लागली असती. म्हणून ठरलं की फंक्शन पास्कलमध्येच राहू द्यायचं आणि शिरीषच्या सी-च्या प्रोग्रॅमनं त्याला हाक मारायची.

आता इथे मला थोडं तांत्रिक सांगावं लागेल, पण ज्यानं ताटांची चवड पाहिली आहे त्याला ते कळेल. एक प्रोग्रॅम दुसऱ्याला हाक मारतो तेव्हा द्यायच्या वस्तू एका चवडीवर ठेवतो. चवडीवर दोन नावं ठेवली, हाक मारली, दुसऱ्यानं ती वाचून उत्तर दिलं. काम झालं. पण चवडीवरची ती दोन ताटं कोणीतरी उचलायला हवीत, नाहीतर चवड वाढतच जाईल. पास्कलची रीत अशी की, ज्याला हाक मारली तोच जाताना उचलतो. सी-ची रीत उलटी. ज्यानं हाक मारली तो मागाहून उचलतो. दोन्ही रीती चांगल्या आहेत, फक्त एका पंगतीत दोन्ही चालत नाहीत.

सरांनी पहिल्याच दिवशी शिरीषला विचारलं, "उचलणार कोण?"

"आमच्यात हाक मारणारा उचलतो, सर."

"आमच्यात ऐकणारा. मंग तू एक कर. तुझ्या प्रोग्रॅममध्ये माझं फंक्शन जाहीर करशील ना, तिथं त्याच्या नावाआधी 'पास्कल' असा एक शब्द लिही. तुझ्या सी-ले आपोआप समजते की याची रीत वेगळी आहे. ते मंग हात लावत नाही."

शिरीष हसला. "माझ्या सी-च्या सोर्समध्ये पास्कल हा शब्द? कंपनीत पाहिलं तर पोरं मला जगू देणार नाहीत, सर."

"एक शब्द आहे, बाप्पा."

"शब्द नका सांगू. दोघांचे तुकडे जोडणाऱ्या माझ्या लिंकरला तुमचं फंक्शन सापडत नाहीये, कारण सी प्रत्येक नावाआधी एक आडवी रेघ लावतं. तुम्ही तुमच्या नावाआधी ती रेघ लावून द्या. बस, मिटलं."

सरांनी रेघ लावून दिली. फंक्शन सापडलं, प्रोग्रॅम चालला, चार नावांवर तपासला, उत्तरं बरोबर आली. सरांनी तरी एक चिठ्ठी लिहून त्याच्या टेबलावर ठेवली: 'उचलणं माझ्याकडे आहे. तू उचलू नको.' शिरीषनं ती मला दाखवली आणि डोळा मारला. "लग्नातला किडा इथेही." मीही हसलो. आज ते आठवलं की माझ्या स्वतःच्या कानाखाली द्यावीशी वाटते.

त्या डिसेंबरात एका शाळेचं काम आलं. बोर्डाच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांची यादी करायची होती. काही पोरांनी फॉर्म दोनदा भरले होते, दोन वेगळ्या स्पेलिंगांनी. म्हणून लागोपाठची दोन-दोन नावं सरांच्या फंक्शनला दाखवून दुहेरी फॉर्म काढून टाकायचे. बाकी रजिस्टरमधून मी टाइप करायचं. शनिवारी सकाळच्या बसनं शाळेचा माणूस यादी घेऊन छिंदवाड्याला जाणार होता. त्यानंतर नाव घेत नव्हते. माझी धाकटी बहीण शीला त्याच शाळेत होती. आमच्या घरात परीक्षेला बसणारी पहिली मुलगी. आईनं तिच्यासाठी कंदील वेगळा ठेवला होता. त्याची काच दुसरं कोणी पुसायचं नाही.

शुक्रवारी दुपारी तीनला प्रिंटर खरखरला आणि यादी बाहेर आली. शिरीष खूश. "एकही एरर नाही."

मी शीलाचं नाव शोधलं. नव्हतं. वाटलं, नजर चुकली असेल. शेजारच्या बनसोडांच्या पोराचं शोधलं. तेही नव्हतं. मग एकेक करत सगळी शोधली. यादी चौऱ्याण्णव नावांवर संपत होती, खाली नीटनेटकी रेघ मारलेली. पलीकडची अठरा नावं गायब, आणि अठराही आमच्या मोहल्ल्यातली. एक तरी दुसऱ्या गल्लीतलं सापडावं म्हणून मी पाहत होतो. सापडलं नाही.

मी काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. 'षड्यंत्र' हा शब्द त्यात निदान सहा वेळा होता. शिरीष घाबरून म्हणाला, "अरे बाबा, कॉम्प्युटरला जात कळत नाही."

हे वाक्य मी नंतर पुष्कळ गुळगुळीत तोंडांतून ऐकलं आहे. त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मी ड्रॉवरमधून स्टेन्सिल काढला आणि उभ्या उभ्याच 'जाहीर निषेध' लिहिलं.

"किती नावांवर थांबलं?" सरांनी विचारलं.

"चौऱ्याण्णव. तुम्ही काहून मोजून राहिले? तुमचं कोण गेलं त्यात?"

सर उठले. बाहेर जाऊन चहावाल्याकडून दहा-बारा बश्या आणल्या. टेबलावर एक कागदाचा तुकडा ठेवला, त्यावर लिहिलं, 'किती झाले'. त्या तुकड्यावर बश्यांची चवड रचली.

"हे शिरीषचं घर. सगळ्यात खाली त्याची मोजणीची चिठ्ठी. आता तो मले हाक मारते." त्यांनी वर दोन बश्या ठेवल्या. "ही दोन नावं. मी वाचली, उत्तर दिलं, जाताना दोन्ही उचलल्या." उचलल्या. "आता शिरीष, तू काय करतं?"

शिरीषचा हात सवयीनं पुढे झाला. त्यानंही दोन उचलल्या.

"त्या कोणाच्या होत्या?"

शिरीष हातातल्या बश्यांकडे पाहत राहिला. "माझ्याच. खालच्या."

"दर हाकेले दोन-दोन जास्तीच्या जातात. तू प्रोग्रॅमच्या पोटात मोठी जागा रिकामी ठेवली होती म्हणून इतके दिवस निभलं. चौऱ्याण्णव हाकांत चवड उतरत उतरत इथवर आली." सरांनी चवड संपवली. मोजणीची चिठ्ठी उघडी पडली. तिच्यावर त्यांनी दोन बश्या ठेवल्या, ओल्याच. शाई पसरली. "आता किती झाले, तुझ्या प्रोग्रॅमले वाचता येते? त्याले वाटलं सगळे झाले. खाली रेघ मारून मोकळा."

"पण एरर का नाही आली?"

"कोण सांगणार एरर? दोघंही आपापल्या रीतीनं बरोबर होते."

मला हे कळलं, आणि कळल्यामुळे राग गेला नाही, उलट वाढला. "म्हणजे कोणाचाच दोष नाही? बश्या अशा, चवड तशी, अन् अठरा पोरं परीक्षेच्या बाहेर! अन् चौऱ्याण्णवच्या पुढं नेमके आम्हीच कसे, सर? हेही बश्यांनी ठरवलं?"

सर म्हणाले, "ते बश्यांनी नाही ठरवलं. नावं कोणत्या क्रमानं टाकली?"

"रजिस्टरच्या."

"अन् टाकली कोणी?"

शाळेचं रजिस्टर माझ्याच टेबलावर उघडं होतं. पहिली पानं एका जातीच्या लोकांची, मधली दुसऱ्यांची, आणि शेवटच्या पानावर लाल शाईची आडवी रेघ मारून तिच्याखाली आम्ही. शाळेत असताना माझंही नाव त्याच रेघेखाली होतं. मी ते वरून खाली, जसंच्या तसं, दोन दिवस बसून टाइप केलं होतं. ज्या बोटांनी मी पत्रकं लिहितो त्याच बोटांनी. माझ्या बहिणीला मी स्वतः नेऊन शेवटी बसवलं होतं, आणि मला खटकलंसुद्धा नव्हतं.

मी खाली बसलो.

"शिरीष," सर म्हणाले, "तो एक शब्द लिही."

आणि शिरीष, इतकं सगळं पाहून, म्हणाला, "सर, कंपनीला शुद्ध सी-चा सोर्स द्यायचा आहे. मी सोमवारी दुसरा काही मार्ग बघतो ना."

मी उठलो. मी त्याला मारलं असतं. सर मध्ये आले. "राहू दे. तू तुझी रीत ठेव. मीच माझी सोडतो."

ते आपल्या कॉम्प्युटरपुढे बसले. फंक्शन उघडलं. फंक्शन जिथं जाहीर केलं होतं तिथं त्यांनी लिहिलं की हे सी-च्या रीतीनं चालेल: जाताना काही उचलणार नाही. एवढंच लिहायचं होतं. पण आयुष्यभर पंगतीच्या दारात उभं राहणाऱ्या माणसाची बोटं त्या ओळीवर बराच वेळ अडली.

"तुम्ही काहून माघार घेता?" मी ओरडलो. "बरोबर तुम्ही होते! चिठ्ठी तुम्ही लिहिली होती!"

"बरोबर राहून अठरा लेकरं बाहेर राहत असतील, तं ते बरोबरपण घेऊन चाटू का? बस इथं. लाइट जायच्या आधी नावं टाक. शेवटच्या पानापासून."

मी टाकली. रेघेखालची अठरा आधी, शीला सगळ्यात पहिली. मग बाकीचे, आधी टाइप केलेले होते तसेच. पाच वाजता एकशे बारा नावांची यादी निघाली. मी हातानं मोजली, मग पुन्हा मोजली. शाळेचे बाबू आले, चष्मा लावून पहिलंच पान पाहिलं आणि त्यांच्या कपाळावर आठी चढली.

"हे खालचे वर कसे काय आले?"

धोटे सर अगदी भोळा चेहरा करून म्हणाले, "आता काय सांगू बाबूजी, कॉम्प्युटरले जात समजत नाही ना."

शिरीष भिंतीकडे पाहू लागला. बाबू पुटपुटत यादी घेऊन गेले. मी पत्रक फाडलं नाही. 'जाहीर निषेध' तसंच ठेवलं, खालचा मजकूर बदलला. तो मजकूर लाल रेघेबद्दल होता, आणि ती रेघ बघूनही बधिर राहणाऱ्यांबद्दल. त्यात माझंही नाव होतं. ते पत्रक पांढुर्ण्यात वाटलं गेलं आणि त्यावरून व्हायचं ते झालं. तो वेगळा विषय आहे.

सरांची सौंसरची बस यायला अवकाश होता. मी त्यांना घरी नेलं. आईला सगळं सांगितलं. तिनं शीलाकडे एकदा पाहिलं आणि चुलीवर तवा ठेवला. ज्वारीची भाकर आणि तुरीच्या सोल्यांची भाजी. ताट वाढलं आणि सर दारातच उभे. आमच्या घरात, माझ्या आईला, हा माणूस तो प्रश्न विचारणार!

"बाई," सर म्हणाले, "जेवण झाल्यावर ताट उचलणार कोण?"

आई हसली नाही, चिडलीही नाही. तिनं हातातली भाकर परातीत ठेवली. "काहून विचारता, भाऊ?"

इतक्या वर्षांत लोकांनी त्यांना उत्तरं दिली होती, टोमणे मारले होते. काहून विचारता, हे कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही. सरांनी छत्री भिंतीला टेकवली आणि उंबऱ्यावरच बसले.

"माझी माय मी लहान असतानाच गेली. मले आमच्या बगीच्यातल्या भागाबाईनं वाढवलं. तुमच्याच लोकांतली होती. तिचं ताट वेगळं होतं, जर्मनचं, हलक्या पत्र्याचं. गोठ्याच्या छपरात खोचलेलं राहे. ती जेवे, धुवे, परत खोचे. एक दिवस तिले ताप होता. जेवली अन् तिथंच पडून राहिली. मी आठ वर्षांचा होतो. मले वाटलं, आज आपण उचलू. उचललं, घासलं, अन् घरात नेऊन आमच्या ताटांत ठेवून दिलं. काकूनं पाह्यलं. आमची सगळी ताटं बाहेर काढून राखेनं घासली. तिचं फेकून दिलं. अन् दुसऱ्या दिवसापासून भागाबाईले कामावर येऊ नको म्हणून सांगितलं. मी तिले विचारलं नव्हतं ना, बाई. विचारून उचललं असतं तं ती नाही म्हणाली असती. तिले माहीत होतं काय होते ते."

"मंग गेली कुठं ती?"

"माहीत नाही. मी नागपूरले असताना सुट्टीत येऊन मोहगाव, रामाकोना, सगळं हिंडलो. कोणी म्हणे पोरीकडं गेली. तिचं आडनाव मले ठाऊक नव्हतं. कोणी कुठं लिहूनही ठेवलं नव्हतं."

मला ती वही आठवली, मोडलेल्या नावांची. कोणाचं नाव हरवलं म्हणून दोन वर्षं घालून ते फंक्शन लिहिलं गेलं होतं, ते मला तेव्हा कळलं.

"जेवा आधी," आई म्हणाली. "निवून राहिलं."

सर जेवले. दोन भाकरी खाल्ल्या. शीला त्यांना सारखी भाजी वाढत होती. जेवण झालं आणि ते हात न धुता तसेच बसून राहिले, ताटाकडे पाहत. कारण ठरलं नव्हतं.

आई म्हणाली, "भाऊ, आज तुम्हीच उचला. मोरीत राख आहे, घासा, अन् तिथं फळीवर आमच्या ताटांत ठेवून द्या. मी सांगून राहिले."

सर उठले. मोरीत बसून त्यांनी ताट घासलं, इतकं सावकाश की शीला मदतीला उठू लागली. आईनं तिला डोळ्यांनी थांबवलं. मग फळीवरच्या आमच्या पाच ताटांना त्यांनी आपलं ताट लावलं. सगळी एकाच दुकानातली, सारखीच. ते मागे झाले आणि उभे राहिले.

"सर, बस," मी म्हणालो.

"हो, हो." पण ते हलले नाहीत. फळीकडे बोट करून लहान मुलासारखं विचारलं, "यातलं आता माझं कोणतं होतं?"

आई चूल विझवत होती. "कोणाले माहीत, भाऊ," ती म्हणाली.

सर निघाले. दाराबाहेर जाऊन परत आले; छत्री राहिली होती. त्या दिवशी ते तिला मोजायला विसरले होते.